आमच्या मैनाचा हात आणि दत्तोबाचा पाय

बहिणीचं कौतुक भावानं करू नये, असं पुष्कळ लोक म्हणतात. ज्यांच्या बहिणीनं कौतुकासारखं काही केलेलं नसतं, तेच म्हणतात. आमच्या मैनानं केलंय, तेव्हा कौतुक होणार. हे लिहिणारा तिचा थोरला भाऊ हिंदुराव, राहणार हडपसर, शाळा सातवीपर्यंत, पुढं म्हशी आणि भाजीचा मळा. त्याचं या गोष्टीत फार काम नाही. गोष्ट मैनाची आहे, आणि मार्केट यार्डातल्या दत्तोबा हमालाच्या पायाची.

मैना घराण्यातली पहिली डॉक्टर. घराण्यातली कसली, आख्ख्या आळीतली पहिली. आता हडपसरात दर चौकात दवाखाना झालाय, पण तेव्हा आमच्याकडं पांढरा कोट बघायचा तर न्हाव्याच्या दुकानात बघावा लागायचा. तिचा हात कसा आहे म्हणून कुणी विचारलं की हिंदुराव म्हशीची हकीगत सांगतो. मैना नऊ वर्षांची होती. गोठ्यात एक म्हैस चारा सोडून उभी. वडील म्हणाले, ऊन लागलं असेल. मैना गेली, म्हशीच्या डाव्या कुशीवर हात ठेवला, बोटानं टकटक केलं आणि ओरडली, "आई, हिचं पोट ढोलकीसारखं वाजतंय!" आई, म्हणजे मथुराबाई, धावत आली. म्हैस फुगली होती. जनावराच्या डॉक्टरला आणलं, म्हैस वाचली. 

ही हकीगत मैनाला बिलकूल आवडत नाही.

"दादा, लोकांना म्हशीचं सांगत जाऊ नकोस. पेशंट ऐकतात."

"ऐकू देत की. खोटं हाय का?"

"मी एवढी वर्षं कॉलेजात शिकले, ते कुणी शिकवलं? म्हशीनं?"

शिकवलं ते शरच्चंद्र सरांनी, हे मात्र खरं. सरकारी मोठ्या हॉस्पिटलात मैना शिकत होती तेव्हा अपघात विभागात हे सर होते. बारीक अंगाचे, आवाज त्याहून बारीक, पण बोलणं असं की पोरांना घाम फुटायचा. पेशंट आला की ते शिकाऊ डॉक्टरांना दोन्ही हात पाठीमागं बांधून उभं करायचे. आधी नुसतं बघायचं. मग विचारायचं. मग हात लावायचा. आणि मगच फोटोच्या कागदावर सही. एकदा एका मुलानं पेशंटच्या खाटेजवळ न जाताच सांगितलं, "सर, आधी एक्सरे काढूया." सर म्हणाले, "आपल्याला फोटोची एवढी हौस असेल तर लक्ष्मी रोडला स्टुडिओ पुष्कळ आहेत."

मैनानं ती शिकवण अंगात मुरवली. अपघाताचा माणूस आला की त्याला चादरीखाली घेऊन अंगावरचे कपडे उतरवायचे, आणि डोक्याच्या केसांपासून पायाच्या नखापर्यंत हात फिरवायचा. मान, बरगड्या, पोट, कंबरेचं हाड, मांड्या, पावलं. क्रम ठरलेला. एकही ठिकाण गाळायचं नाही. गार हात लागला की माणूस पोट आखडून घेतो आणि मग आतलं काही कळत नाही, म्हणून ती चहाच्या गरम ग्लासाभोवती तळवे धरून उभी राहायची. चहा गार व्हायचा तो व्हायचाच. नर्स वासंती म्हणायची, "मॅडम, तुम्ही चहा पिता की शेकता?"

ती बिबवेवाडीतल्या ज्या हॉस्पिटलात लागली, ते दुसऱ्या तऱ्हेचं होतं. नाव कशाला घ्या, माणसं वाईट नव्हती. दोन हजार बारा साल. त्यांनी आदल्या वर्षी स्कॅनचं नवं मशीन आणलं होतं, आणि वरून हुकूम निघाला होता की अपघाताचा पेशंट दारात आला की त्याचं डोकं, मान, छाती, पोट, कंबर असं सगळं स्कॅन करायचं. सायकलवरून पडून कोपर खरचटलेला कॉलेजचा मुलगा आला तरी तो त्या मशीनमधून जायचा. पेशंटलाही बरं वाटायचं. नातेवाईक तर खूष, "आख्खा माणूस आतनं बघितला!"

मैनाचं म्हणणं असं की माणूस पूर्ण शुद्धीत आहे, सरळ बोलतोय, प्यायलेला नाही, कंबरेचं हाड दोन्ही बाजूंनी दाबलं तरी दुखत नाही, दोन्ही पाय आपले आपण उचलतोय, तर त्याच्या कंबरेचा फोटो काढून काय मिळणार? कंबर मिळणार. ती त्याच्याकडं आधीपासून आहेच.

हे ऐकून सकाळच्या पाळीचा श्रीधर हसायचा. डॉक्टर श्रीधर, शहरातलं पोरगं, हुशार, इंग्रजी फाडफाड. मनानं चांगला. "मॅडम, हात चुकतो. स्कॅन चुकत नाही."

आणि हे मैनाला झोंबायचं. कारण तिचा हात एकदा चुकला होता. हे लिहू का म्हणून विचारलं, तर म्हणाली, हे लिहिणार नसशील तर बाकीचंही लिहू नकोस. तर लिहितो. एक रिक्षावाला धडकून आला होता. भरपूर प्यायलेला. मैनानं पोट दाबलं, तो हसला, गुदगुल्या होतात म्हणाला. तिनं शेरा लिहिला, पोट ठीक. श्रीधरनं तिचा शेरा बाजूला ठेवून स्कॅन केला, तर आत प्लीहा फाटून रक्त साठत होतं. माणूस वाचला तो श्रीधरमुळं. मैना तीन दिवस नीट जेवली नाही. त्या दिवसापासून तिनं स्वतःला एक कायदा घातला. प्यायलेला, बेशुद्ध, किंवा एका जखमेच्या कळेनं दुसरं काही न कळणारा माणूस असेल तर हाताची साक्ष धरायची नाही, सरळ मशीनला द्यायचा. पण हात लावून मगच द्यायचा. हात सोडायचा नाही.

आता दत्तोबाचं.

एप्रिल महिना. मार्केट यार्डात कांद्याची आवक म्हणजे विचारू नका. गाळ्यागाळ्यात पोत्यांची थप्पी छताला लागलेली. सकाळी साडेनऊच्या सुमारास एका गाळ्यात थप्पी सरकली आणि पाचसहा पोती दत्तोबाच्या उजव्या पायावर आली. गुडघ्याखाली पाय अडकला. टोळीतल्या माणसांनी पोती उचलेपर्यंत पंधरा-वीस मिनिटं गेली. दत्तोबानं तोंडातून आवाज काढला नाही. बेचाळीस वर्षांचा गडी, पाठीवर शंभर किलो घेऊन फळीवरून ट्रकात चढणारा.

त्या टोळीत एक रीत होती. कुणाला लागलं की मुकादम स्वतःच्या डोक्याचा पटका काढून त्याला बांधणार. आणि मुकादमानं बांधलेलं मुकादमच सोडणार, दुसऱ्या कुणी गाठीला हात लावायचा नाही. त्यात मान होता. मुकादम सर्जेराव, साठीला आलेला, मिशा पांढऱ्या. त्यानं आंबेहळद गरम करून पायावर जाड लेप दिला आणि घोट्यापासून गुडघ्यापर्यंत पटका असा आवळला की बघणारे म्हणाले, "बांधावं तर मुकादमानं." दत्तोबाला सावलीत बसवलं. तासाभरात कमी होईल म्हणाले. कमी होईना. कळ चढतच गेली. बारा वाजता बायको मुक्ताबाई आली, नवऱ्याचं तोंड बघितलं आणि म्हणाली, "टेंपो बगा."

हॉस्पिटलात नियमाप्रमाणं सगळं झालं. दत्तोबाचं डोकं स्कॅन झालं, मान झाली, छाती, पोट, कंबर झाली. पायाचा एक्सरे झाला. फोटो काढणारा पटका सोडायला गेला तर दत्तोबानं त्याचा हात धरला. "मुकादमानं बांधलंय. मुकादमच सोडील." मुकादम बाहेर, कागदपत्रांच्या रांगेत. फोटोवाला म्हणाला, "राहू द्या. फडक्यातून फोटो येतो."

आणि आला. छान आला.

दोन वाजता मैनाची पाळी सुरू झाली. श्रीधर बॅग खांद्याला लावूनच तिला पेशंट समजावून देत होता.

"बेड चार. मार्केट यार्डचा हमाल, पायावर पोती पडली. स्कॅन नॉर्मल, पायाचा फोटो नॉर्मल. दुखण्याची दोन इंजेक्शनं झाली, तिसरं मागतोय. जरा नाटकी आहे. संध्याकाळी घरी सोडून द्या."

"हमाल, आणि नाटकी?"

"का? हमालाला नाटक येत नाही?"

"येतं. पण हंगामात नाही. एप्रिलमध्ये दिवस बुडवून कोण नाटक करेल?" मैनानं विचारलं, "पाय पाहिलास?"

"पाहिला ना. हा बघा." त्यानं फोटो उजेडाकडं धरला. दोन्ही हाडं सरळ, कुठं केसाएवढी चीर नाही.

"फोटो नाही रे. पाय."

श्रीधर थांबला. "त्याला फडकं बांधलंय."

मैनाच्या मनात आलं ते तिनं नंतर घरी सांगितलं. या माणसाला आपण डोक्यापासून कंबरेपर्यंत आतून बघितलं, आणि जिथं लागलंय तिथली कातडी साडेचार तासांत एकाही डॉक्टरनं बघितलेली नाही.

ती बेड चारपाशी गेली. दत्तोबा दोन्ही मुठी आवळून पडला होता. पाय दोन उशांवर उंच ठेवलेला. फडक्याबाहेर पाचही बोटं फुगून एकमेकांना चिकटलेली.

"दत्तोबा, काय होतंय?"

"फोटू चांगला हाय म्हनत्यात," दत्तोबा म्हणाला. "पर आत कुनीतरी पाचर ठोकतंय, बाई."

"फडकं सोडूया."

"न्हाई. मुकादम..."

"बोलवा मुकादमांना."

सर्जेराव आला. पटक्याला हात लावायचा म्हटल्यावर त्याचा चेहरा बदलला. "तीस वरसं बांधतोय डॉक्टरीणबाई. दिवस मावळंस्तवर सोडायचं नसतं. सूज पसरती."

दुसरी कुणी असती तर म्हणाली असती, तुम्हाला काय कळतं. पण मैना आमच्या घरची आहे. म्हाताऱ्या माणसाशी कसं बोलावं हे तिला कॉलेजात शिकवावं लागलं नाही.

"मुकादम, तुम्ही बांधलंत तेव्हा पाय एवढा होता," तिनं हातानं माप दाखवलं. "आता एवढा झालाय. पटका काही वाढला नाही. गाठ तुमची आहे, तुम्हीच सोडा. मी नुसती बघते."

सर्जेरावनं खाली वाकून बोटांकडं बघितलं. मग गाठ सोडली. गाठ इतकी रुतली होती की दातानं ओढावी लागली. फडकं उलगडलं, आणि आत हळदीनं पिवळा, चकचकीत ताणलेला पाय. फडक्याच्या घड्या कातडीत उमटलेल्या. मुक्ताबाईनं पदर तोंडाला लावला.

मैनानं आधी दोन्ही उशा काढून पाय सपाट ठेवला. रक्त आधीच आत शिरत नाही, पाय उंच ठेवला तर आणखी शिरत नाही. पाच-सात मिनिटं थांबली, आवळलेलं सुटल्यावर काही हलकं होतंय का बघायला. मग हात लावला. पोटरी लाकडाच्या ओंडक्यासारखी. बोट रुतेना. तिनं पायाचा अंगठा धरला आणि अगदी हळू वर-खाली केला.

पायावर पोती पडली तेव्हा तोंड न उघडलेला माणूस असा ओरडला की वासंती हातातला ट्रे टाकून धावत आली.

मैनानं अंगठा आणि शेजारच्या बोटाच्या बेचक्यात कापूस लावला. "काही लागतंय?"

"तुमी लावा तर खरं," दत्तोबा डोळे मिटून म्हणाला.

कापूस लावलेलाच होता.

श्रीधर घरी गेला नव्हता. मागं उभा होता. त्यानं पावलावर बोट ठेवून नाडी बघितली. "मॅडम, नाडी तर छान लागतेय."

"नाडी सगळ्यात शेवटी जाते, श्रीधर. तिची वाट बघत बसलो तर पाय गेलेला असतो."

आता हे काय असतं, ते मैनानं सांगितलं तसं सांगतो. पायातलं मांस मोकळं नसतं. त्याच्यावर पक्की पिशवी असते, ताणत नाही अशी. मार बसला की मांस आतल्या आत सुजतं, पिशवी जागा देत नाही, मग रक्त शिरायचं बंद होतं. हाड शाबूत, म्हणून फोटो सुंदर. सहा-सात तास गेले की मांस मरायला लागतं. मग पाय ठेवला काय आणि काढला काय. उपाय एकच, पाय दोन बाजूंनी उभा चिरून ती पिशवी मोकळी करायची. साडेनऊला मार बसलेला, आणि घड्याळात पावणेतीन वाजत होते.

तिनं हाडांच्या सर्जनला, डॉक्टर श्यामसुंदरांना फोन लावला. ते कर्वेनगरला आपल्या दवाखान्यात होते.

"काय दिसतंय फोटोत?"

"काही नाही, सर."

"स्कॅनमध्ये?"

"काही नाही."

"मग मला काय दाखवायला बोलावताय?"

"पाय," मैना म्हणाली.

"आपण एमबीबीएस ना?"

"हो सर. आणि पोटरी दगड झालीय, अंगठा ताणला की किंचाळतो, बेचक्यात बधिर आहे. सव्वापाच तास झालेत. मी चुकले असेन तर उद्या सगळ्यांसमोर बोला मला. पण आत्ता निघा."

फोन बंद झाला. ते निघाले की नाही, कळायला मार्ग नव्हता. तरी मैनानं ऑपरेशनची तयारी करायला सांगितलंच. आणि तिथं दुसरी अडचण उभी राहिली. दत्तोबा सही करेना.

"फोटू चांगला हाय म्हनता, आन् पाय चिरायचा म्हनता. असं कसं?"

मुक्ताबाई म्हणाली, "बाई, हमालाचा पाय चिरला तर त्यानं करायचं काय? देवळाबाहेर बसायचं?"

"न चिरता राहिला तर जाईल हो मुक्ताबाई."

"पर फोटूत तर..." आणि पुन्हा तेच. त्या काळ्या फोटोवर त्यांचा एवढा विश्वास बसला होता, आणि बसवला होता आम्हीच, असं मैना म्हणाली. समजावून थकली. पिशवी सांगितली, रक्त सांगितलं. दत्तोबाची मान हलतच राहिली. घड्याळ पुढं चाललेलं.

मग ती खाटेच्या काठावर बसली. "दत्तोबा, पोतं पाठीवर घ्यायच्या आधी तुम्ही त्याला थाप मारता ना?"

"मारतो की."

"कशाला?"

"कळतं. सैल हाय का ठासून भरलंय."

"मग डाव्या पायाला मारा."

दत्तोबानं उठून बसून डाव्या पोटरीवर पंजा ठेवला, दाबली.

"आता उजव्या."

त्यानं पंजा उजव्या पोटरीवर नेला. हळूच दाबली. पुन्हा डावी. पुन्हा उजवी. वीस वर्षं पोती तोलणारा तो हात, त्याला कुणी काय सांगायचं? त्यानं सर्जेरावकडं बघितलं. "मुकादम, तुमी बगा."

सर्जेरावनं दोन बोटं टेकवली आणि लगेच काढली. "आरं, हे तर फुटंल."

"असं भरलेलं पोतं असलं तर काय करता?" मैनानं विचारलं.

"शिवण उसवतो," दत्तोबा म्हणाला. मग त्यानं मुक्ताबाईकडं बघितलं. "उसवा, बाई. कुटं अंगठा लावायचा?"

"अंगठा कशाला, सही येते की तुम्हाला!" मुक्ताबाई डोळे पुसता पुसता खेकसली. आणि दत्तोबानं सही केली.

साडेतीनला श्यामसुंदर आले. स्वारगेटच्या गर्दीतून आलेले, शर्ट भिजलेला. त्यांनी सरळ पोटरी दाबली, एक बोट ताणलं. एकच. दत्तोबाची किंकाळी संपायच्या आत ते म्हणाले, "चला, आत घ्या." आणि जाता जाता श्रीधरच्या हातातल्या फोटोकडं बघून, "फोटो उत्तम आलाय. फ्रेम करून लावा."

मैना आत उभी राहिली. चार वाजता चीर पडली. कातडी आणि ती आतली पिशवी मोकळी झाली तसं मांस असं वर उसळून आलं, जणू आत कोंडलेलं माणूसच बाहेर आलं. रंग जांभळा-काळा. श्यामसुंदर हात बाजूला घेऊन थांबले. मैना म्हणते, आयुष्यात इतक्या बारकाईनं तिनं कशाकडंही बघितलं नसेल. जांभळ्याचा तपकिरी झाला, तपकिरीचा हळूहळू लाल. चिमट्यानं टोचलं तर मांस आकसलं. जिवंत होतं. पुढच्या बाजूचा एक तुकडा तेवढा आकसला नाही. तो काढावा लागला.

"तासभर उशीर झाला असता तर सगळंच काढलं असतं," श्यामसुंदर म्हणाले. मग मास्क खाली ओढून, "आपला हात बरा आहे." बस, एवढंच. पण पुण्यातल्या सर्जननं एवढं म्हणणं म्हणजे काय, हे ज्याला कळतं त्याला कळतं. हिंदुरावनं तर हडपसरच्या गाडीतळापर्यंत सगळ्यांना सांगितलं.

बाहेर सर्जेराव बाकावर बसला होता. मांडीवर हळदीनं पिवळा झालेला पटका. मैना आली तसा उठला. "माझ्या हातनं पाय गेला आस्ता त्याचा."

"पटका तुमचा, मुकादम. पण तो न सोडता फोटो काढला आम्ही," मैना म्हणाली. "निम्मं-निम्मं."

म्हातारा रडला. मैना त्याच्याशेजारी बसून राहिली. हे श्रीधरनं लांबून पाहिलं, आणि दुसऱ्या दिवशी अपघात विभागाच्या दारावर एक कागद चिकटलेला दिसला, त्याच्या वेड्यावाकड्या अक्षरात: पट्टी, फडकं, लेप काढून पेशंट स्वतः पाहिल्याशिवाय फोटोला पाठवू नये. खाली त्याची सही. वरच्या लोकांनी स्कॅनचा हुकूम काही मागं घेतला नाही, पण तपासणीचा कागद जोडल्याशिवाय पेशंट मशीनकडं जाईना, आणि तपासणी झाली की निम्म्या लोकांना कंबरेच्या फोटोची गरजच निघेना. श्रीधर आता कंबर दाबून बघायला शिकलाय. मैनाला विचारलं तर म्हणते, "त्याचा हात बरा आहे." घ्या. सर्जनचा वारा लागला.

दत्तोबाचं सोपं गेलं नाही. जखम आठवडाभर उघडी ठेवली, मग मांडीची कातडी काढून लावली. दोन महिने काठी. पाऊल उचललं की पुढचा भाग जरा लोंबायचा. मैना सुट्टीच्या दिवशीसुद्धा त्याला बघायला जायची, बोटं हलवून घ्यायची, रोज विचारायची, "इथं कळतंय? आणि इथं?" बेचक्यातला बधिरपणा गेला तो जुलैत. अंगठा मात्र पूर्ण उचलला जात नाही, तो आजही नाही. आणि पाय राहिला म्हणजे हमाली राहिली, असं नसतं. ते कुठलाच डॉक्टर सांगू शकत नव्हता. मुक्ताबाई तेच विचारायची, आणि मैना पुन्हा बोटं हलवून घ्यायला लागायची.

दिवाळी झाल्यावर एका पहाटे हिंदुराव मेथीच्या जुड्या घेऊन मार्केट यार्डाला निघाला, तेव्हा मैना म्हणाली, मी येते. टेंपोत पुढं बसली. गाळ्यांपाशी ट्रक लागलेले, दिवे चालू, आरडाओरडा. सर्जेरावची टोळी एका ट्रकात बटाटा भरत होती. रांगेत दत्तोबा. पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडलेला, उजव्या पोटरीवर दोन्ही बाजूंना लांब, चकाकणारे व्रण. मुकादमानं त्याला अर्धी पोती घ्यायला सांगितली होती, आणि त्यानं मुकादमाकडं बघून न बघितल्यासारखं केलं होतं.

त्याच्या पाठीवर पोतं चढलं. भरलेलं. तो फळीकडं निघाला. फळी अरुंद, वर चढणारी, दवानं ओली. मैना फळीच्या तोंडाशीच उभी, नजर त्याच्या उजव्या पायावर. पाऊल फळीवर पडलं. अंगठा नीट टेकला नाही, त्यानं टाच जास्त रोवली. पोटरी घट्ट झाली. मैना नकळत आणखी पुढं वाकली.

"ओ डॉक्टरीणबाई!" पोत्याखालून आवाज आला. "बगायचं आसंल तर बाजूला ऱ्हाऊन बगा. वाट आडवू नका, मागं सात जन हायत!"

टोळी हसली. हिंदुराव चिडला, माझ्या बहिणीशी असं बोलतो म्हणून पुढं होणार, तेवढ्यात मैनानं त्याच्या बाहीला धरून मागं ओढलं. ती खदाखदा हसत होती. बाजूला झाली, आणि दत्तोबा तिच्या शेजारून फळीवर चढून ट्रकात गेला.